पाच ओहमची कॉइल

कांचघर, जबलपूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. भय्याकाका,

नमस्कार. पाठ धरली आहे, तेव्हा वाकून नाही, उभ्यानेच करते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून पत्र. कुंदाताईला सांगा, हे आधी तुमच्या हातात द्यायचं. तिने वाचून तुम्हाला सारांश ओरडून सांगायचा, असं या वेळी नको.

काम तुमच्याच विद्येतलं आहे. शनिवारी आमच्या शाळेत बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. लॅब असिस्टंट म्हणजे टेबलं मांडण्यापासून बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या चहापर्यंत सगळं मीच. बारा मुलांच्या वाट्याला नेहमीचा प्रयोग आला. कॉइलला व्होल्टेज द्यायचं, करंट मोजायचा, व्होल्टला अँपिअरने भागून रोध काढायचा, आणि दोन्हींचा गुणाकार करून पॉवर. कॉइलवर लेबल आहे पाच ओहमचं. अकरा जणांचं उत्तर पाच आलं. एका मुलीचं आलं ६.१९.

तुमच्यापासून काय लपवायचं? त्या अकरा जणांचं पाच काही मीटरवरून आलेलं नाही. आमच्या लॅबमध्ये एक जुनी फाईल आहे, तिला सगळे 'मॉडेल फाईल' म्हणतात. एक व्होल्टला ०.२० अँपिअर, दीडला ०.३०, दोनला ०.४०, तीनला ०.६०. दर वर्षीची मुलं तेच आकडे पाठ करून येतात, मीटरचा काटा हलतोय एवढं बघतात आणि आकडे उतरवतात. अनिमेष सरांना, म्हणजे आमच्या फिजिक्सच्या सरांना, हे ठाऊक आहे. आणि ती फाईल मुलांच्या हातात देतं कोण? मीच देते. पोरांचे मार्क जाऊ नयेत म्हणून सहा वर्षं देते आहे.

ही जी एक मुलगी, दीप्ती कुशवाहा, ती पनागरहून बसने येते. वडील भाजीचा टेम्पो चालवतात. तिने फाईल घेतली होती, पण परीक्षेत काट्याकडे बघून लिहिलं. एक व्होल्टला ०.१६, दीडला ०.२४, दोनला ०.३२, अडीचला ०.४२, तीनला ०.४८. परीक्षकाने विचारलं, "सबका पाँच, तुम्हारा छह कैसे?" ती म्हणाली, "सर, काँटा वहीं रुकता है।" अनिमेष सर मध्येच म्हणाले की मुलगी प्रयोग न करता मनाने आकडे लिहिते. परीक्षकाने तिच्या कागदावर 'मनगढ़ंत' असा शेरा मारला, मार्क रोखले आणि शाळेकडून अठ्ठावीस तारखेपर्यंत अहवाल मागितला.

त्या अहवालावर माझी सही हवी आहे. वाक्य असं: "उपकरण जाँचा गया, सही पाया गया।" मी सही केली की दीप्ती खोटारडी ठरली आणि तिचं वर्ष गेलं.

काका, खरं सांगते, मलाही आधी पोरीचंच चुकलं असं वाटलं. कारण ती कॉइल तुम्ही गुंडाळली आहे. आठवतं? २०१८ च्या डिसेंबरात एका महाभागाने ती थेट मोठ्या व्होल्टेजला लावून जाळली होती, आणि तेव्हा तुम्ही इथे जबलपुरातच होतात म्हणून मी डब्याच्या पिशवीत घालून ती तुमच्याकडे आणली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही ती नव्यासारखी करून दिलीत. डोळे मिटून तार चिमटीत फिरवायची आणि तिच्या जाडीचं गेज सांगायचं, असा माणूस अख्ख्या फॅक्टरीच्या टेस्ट रूममध्ये एकच होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तुमची कॉइल चुकणं शक्य नाही. मग पोरीचं कुठे चुकलं ते तुम्ही सांगा. नुसती चूक असेल तर चूक म्हणता येईल, खोटेपणाचा डाग तरी जाईल.

मनीषा मॅडम, आमच्या प्रिन्सिपल, आपल्यातल्याच आहेत. समजावायचं असलं की माझ्याशी मराठीत बोलतात आणि हुकूम सोडायचा असला की हिंदीत. काल मराठीत बोलल्या. मी म्हटलं, काकांचं पत्र येईपर्यंत मी सही करणार नाही.

तुमची
विनता

---

नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. विनता,

आशीर्वाद. पत्र मिळालं. माझ्याच हातात मिळालं.

तुझ्या विद्यार्थिनीने व्होल्टमीटरची टोकं कॉइलच्या स्क्रूवर न लावता जोडतारांवर लावली असावीत. मधला एखादा जोड सैल किंवा काळा पडलेला असेल, त्याचा रोध कॉइलच्या रोधात मिसळला. एक-सव्वा ओहम असा सहज वाढतो. शाळेच्या लॅबमध्ये हे नेहमी होतं.

एवढं कळल्यावर तू सही करावीस हे बरं. तू कंत्राटावर आहेस, दर एप्रिलला कागद नवा होतो, हे विसरू नकोस. परीक्षा पुन्हा देता येते. त्या वयात पोरं विसरून जातात.

कॉइल उघडण्याच्या भानगडीत पडू नकोस. तार नाजूक असते, उगाच तुटेल.

इथे सगळं ठीक. कुंदा सांधेदुखीचं तेल आणते, मी लावत नाही.

भय्याकाका

---

कांचघर
१८ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही मला याहून मोठी पत्रं शेगडीचा स्विच कसा बदलायचा यावर लिहिली आहेत.

सैल जोड, असं तुम्ही म्हणालात. ठीक आहे. मी दीप्तीला मधल्या सुट्टीत बोलावलं. जोडतारांची टोकं आम्ही सँडपेपरने घासून तांबं चकचकीत केलं. व्होल्टमीटरची टोकं थेट कॉइलच्या स्क्रूवर बांधली. तीन व्होल्ट दिले. काटा ०.४८ वर. मीटर बदलले, दुसरे आणले. काटा ०.४८ वर. मग पोरीने जे केलं ते मला सुचलं नव्हतं. तिने व्होल्टमीटर एकेका जोडावर लावून पाहिला. म्हणाली की सव्वा ओहम जर जोडात बसला असेल तर इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसायला हवं. काटा शून्यावरून हलला नाही. तिने वहीत लिहिलं: ०.६० गुणिले ०.४८, म्हणजे पाव वॅटच्या वर. एवढी पॉवर एका बारक्या स्क्रूत जळत असती तर स्क्रू कोमट लागला असता. बोट लावलं, स्क्रू गार. कॉइलला बोट लावलं, कोमट. तीन गुणिले ०.४८, १.४४ वॅट, सगळी तिथेच. वीज जिथे खर्च होते तिथेच ऊब लागते, एवढं तर माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या बाईलाही कळतं.

म्हणजे कॉइलच सहाची आहे.

तुम्ही उघडू नको म्हणालात, म्हणून उघडली. आत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली: "नाइक्रोम, २७ गेज, ६२ सें.मी." आमच्याकडे स्क्रूगेज आहे, अकरावीच्या मुलांकडून मी त्याच्यावर दर वर्षी तारा मोजून घेते. मी तार तीन ठिकाणी मोजली. ०.३७, ०.३८, ०.३७ मिलिमीटर. पुस्तकाच्या मागे तक्ता असतो. सत्तावीस गेज म्हणजे ०.४२. ही तार सत्तावीसची नाही काका, अठ्ठावीसची आहे. बारीक तार, तेवढीच लांबी, म्हणून रोध जास्त. दीप्तीने हिशेब मांडला, सहाच्या वर जातं.

पोरीसमोर माझं तोंड पडलं. तिने काही विचारलं नाही, पण चिठ्ठीवरचं मराठी अक्षर तिला दिसलं असणारच.

आता मला एकच सांगा. तुम्ही मला सही करायला सांगितलंत तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का? तार नाजूक आहे म्हणून उघडू नको म्हणालात, की आणखी कशासाठी? मी तुमच्यावर विश्वास ठेवून एका पोरीला खोटी समजले. तीन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. त्याचा मला फार त्रास होतो आहे.

विनता

---

कांचघर
२२ फेब्रुवारी

काका,

माझं पत्र वीस तारखेला तुमच्याकडे पोचलं, पोस्टाच्या नोंदीत दिसतं आहे. कुंदाताईला फोन केला तर म्हणाली, "बाबा दोन दिवसांपासून नीट जेवून नाही राहिले. काहून, ते सांगत नाहीत." मी तिला काही सांगितलं नाही. तुम्हीच सांगा, सांगायचं असेल तर.

काल दीप्तीचे वडील शाळेत आले होते. टेम्पो गेटबाहेर उभा करून तासभर ऑफिसच्या बाकावर बसले. मॅडमनी त्यांना निरोप पाठवला की मुलीने माफीनामा लिहून दिला तर शाळा पदरात घेईल. त्यांनी मला विचारलं, "मैडम, बिटिया ने झूठ लिखा है क्या?" मी म्हटलं, "नहीं।" एवढंच म्हणता आलं. पुढचं सांगायला माझ्याजवळ कागद नव्हता.

अठ्ठावीसला मॅडमच्या खोलीत बैठक आहे. स्क्रूगेज, चिठ्ठी, कॉइल, सगळं मी नेणार आहे. ते म्हणतील चिठ्ठी कोणाची, आणि मी गप्प बसणार नाही. तुमचं नाव घेईन. तुम्ही आधी घेतलंत तर बरं. मला तुमची माफी नको आहे, सही केलेला कागद हवा आहे.

विनता

---

नागपूर
२४ फेब्रुवारी

चि. विनता,

हो. माहीत होतं.

तुझ्या पहिल्या पत्रात ६.१९ वाचलं त्याच क्षणी कळलं. मी पेन्सिल घेऊन उलटा हिशेब केला. बासष्ट सेंटिमीटर, अठ्ठावीस गेज, सहा पूर्णांक चौदा. पोरीचं रीडिंग माझ्या हिशेबाच्या इतकं जवळ आहे की टेस्ट रूममध्ये असती तर मी तिला पहिल्या दिवशी कायम केली असती. आणि त्या अकरा जणांचे आकडे तर नजरेत भरण्यासारखे आहेत. कुठे एका शतांशाची ओढाताण नाही. खऱ्या मीटरवर बसलेल्या माणसाच्या कागदावर असं कधी नसतं. तिच्या अडीच व्होल्टच्या ओळीत करंट जरा जास्त आलाय, ०.४२. ते पाहूनच मला कळलं की ही मुलगी खरोखर काट्याकडे बघत होती.

हे सगळं कळूनही मी तुला सही करायला सांगितलं. ते का, ते लिहायला चार दिवस लागले.

त्या डिसेंबरात बाजारात हवी ती तार मिळेना. सराफ्यात एक ओळखीचा कारागीर होता, त्याच्या छोट्या भट्टीसाठी तो नाइक्रोमची तार ठेवायचा. त्याने रिळातून काढून दिली. रिळावर कागद नव्हता. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटले, तार चिमटीत फिरवली आणि म्हटलं, सत्तावीस. त्याने विचारलं, "नापेंगे नहीं, भैया?" मी हसलो. घरी येऊन बासष्ट सेंटिमीटर कापली, गुंडाळली, चिठ्ठी ठेवली. मीटर कपाटात होता. मी तो काढला नाही. अडतीस वर्षं पोरांच्या डोक्यावर बसून सांगितलं, लेबल वाचू नका, मोजा. आणि स्वतः मोजलं नाही, कारण मला मोजायची गरज वाटली नाही.

कान गेले ते फॅक्टरीत गेले, त्याचं मला दुःख नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पण बोटं शाबूत आहेत असं मी धरून चाललो होतो. तुझ्या पत्राने कळलं की ती सहा-सात वर्षांपूर्वीच गेली आहेत, आणि मी इतके दिवस नागपूरच्या लोकांना चिमटीतली गंमत सांगत फिरतो आहे. ते कबूल करण्यापेक्षा एका पोरीचं वर्ष जाऊ द्यावं, असं मला दोन दिवस खरंच वाटलं. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण उद्या मला ते आठवायचं नसेल. मला माझी लाज वाटते, विनता.

सोबत कागद जोडला आहे. पूर्ण नाव, टेस्ट रूममधला हुद्दा, कॉइल मी गुंडाळली, तार चुकीच्या गेजची लावली, मोजून दिली नाही, मुलीचं रीडिंग योग्य आहे. हिंदीत लिहिलं आहे, म्हणजे कोणाला भाषांतराचं निमित्त नको. सही दोन ठिकाणी केली आहे. कुंदाने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, या वयात काहून स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेता? कोण पाहून राहिलंय?" मी तिला म्हटलं, मी पाहून राहिलोय.

एक लक्षात ठेव. कागदात तुझं नाव आलं आहे, शाळेची वस्तू तू माझ्याकडे आणलीस हे. त्यावर ते तुला धरतील. तुला जड जाणार असेल तर कागद फाड, मी दुसरा काही लिहून देईन. पण तू फाडणार नाहीस, हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे.

आणखी एक. त्याच्या आधी, मला वाटतं २०११ ते २०१५ मध्ये, मी तुला तीन कॉइल गुंडाळून दिल्या होत्या. त्या मी मोजल्या होत्या असं मला आठवतं. माझ्या आठवणीवर जाऊ नकोस. त्याही मोजून घे, आणि चुकीच्या निघाल्या तर मला तसं लिही. लपवू नकोस.

भय्याकाका

---

कांचघर
५ मार्च

ती. भय्याकाका,

तुमचा कागद सत्तावीसच्या दुपारी मिळाला. फाडायचा प्रश्न आलाच नाही, पण तुम्ही विचारलंत त्याबद्दल आभार.

बैठकीला मनीषा मॅडम, अनिमेष सर, शाळेच्या कमिटीचे दोन सभासद, मी, दीप्ती आणि तिचे वडील. त्यांना कोणी बसायला सांगितलं नाही, म्हणून ते दाराशी उभे राहिले. मी चहाच्या टेबलावरचे कप उचलले आणि तिथे कॉइल, मीटर आणि व्होल्टेज द्यायचा एलिमिनेटर मांडला. मग तुमचा कागद वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत.

अनिमेष सर एका वाक्यावर थांबले. "यानी स्कूल का सामान आप घर ले गईं?" मी म्हटलं, "जी। टिफिन की थैली में।" मॅडम मराठीत आल्या. "विनता, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते? मी मधला रस्ता काढते. मुलीने दोन ओळी लिहून द्याव्यात की घाईत आकडे चुकले. आम्ही तिला पास करतो, तुझ्या काकांचा कागदही बाहेर जात नाही, तुलाही काही होत नाही." खरं सांगते काका, क्षणभर मला बरं वाटलं. सगळे सुटत होते.

मॅडमनी कोरा कागद दीप्तीपुढे सरकवला आणि तेच तिला हिंदीत सांगितलं. तिने पेन उचललं. मला वाटलं, लिहिते आता. तिने कागदावर चार उभे रकाने आखले. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट. मग उठून टेबलापाशी गेली, तारा जोडल्या, व्होल्टेज तीनवर आणलं, आणि अनिमेष सरांसाठी खुर्ची पुढे ओढली. "सर, आप पढ़ दीजिए। मैं लिख देती हूँ।"

"मैं क्यों पढ़ूँ?" सर म्हणाले.

"मेरा पढ़ा हुआ तो मनगढ़ंत है न, सर।"

ती बाजूला सरली नाही. सरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडम खिडकीकडे पाहत होत्या. तेव्हा तिचे वडील दारातून म्हणाले, "पढ़ दीजिए साहब। हमें ये घड़ी पढ़नी नहीं आती, नहीं तो हम पढ़ देते।"

सर खुर्चीवर बसले. चष्मा सारखा केला. "तीन वोल्ट," म्हणाले. मग काट्यावर आणखी वाकले. काटा कुठे आहे ते माझ्या जागेवरून दिसत नव्हतं, आणि मला बघायचीही गरज नव्हती. शेवटी अगदी हळू म्हणाले, "पॉइंट फोर एट." कमिटीतल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर भागाकार केला आणि मोठ्याने सांगितला, सहा पॉइंट पच्चीस. दीप्तीने तो लिहिला. पॉवरच्या रकान्यात १.४४ लिहिलं. खाली रेघ मारून सरांना म्हणाली, "सर, साइन।" आणि सरांनी केली.

अहवाल असा गेला: उपकरण सदोष, छात्रा का प्रेक्षण सही. काल तिचे मार्क आले, तीसपैकी सत्तावीस. तीन मार्क अक्षराला कापले म्हणे. ते मात्र तिने मान्य केलं.

पण मी तेवढ्यावर थांबले नाही. अहवालावर सही करताना मी खाली एक ओळ लिहिली, की बाकी अकरा जणांचे आकडे मीटरवरचे नाहीत, ते फाईलमधले आहेत, आणि ती फाईल सहा वर्षं मी देत आले आहे. मॅडम एकदम हिंदीत गेल्या. "बस कीजिए, विनता जी।" ती ओळ असलेलं पान शाळेने पाठवलं नाही, दुसरं टाइप करून घेतलं. त्या दुसऱ्या पानावर माझी सही नाही. पहिल्याचा फोटो माझ्याकडे आहे, आणि तो मी स्वतः परीक्षकांच्या पत्त्यावर पाठवला आहे. त्या अकरा पोरांचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. त्यांची नावं मी लिहिलेली नाहीत, माझं लिहिलं आहे.

सोमवारी मला कळवण्यात आलं की एप्रिलपासून माझा कागद नवा होणार नाही. कारण, शाळेची मालमत्ता विनापरवानगी बाहेर नेणे. वाईट वाटलं, घरी येऊन रडलेही, पण ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, त्यांना दाखवायला होती. मॉडेल फाईल मी कपाटातून काढून घरी आणली आहे. हो, पुन्हा शाळेची मालमत्ता. आता काय करतील?

मार्च मात्र माझा आहे. सोमवारपासून अकरावीची मुलं रोज एक तास लॅबमध्ये येतात आणि कपाटातली एकेक कॉइल काढून मोजतात. नियम एकच: लेबलावर कागदाची पट्टी चिकटवलेली, मोजून झाल्याशिवाय सोलायची नाही. दीप्ती पनागरहून मुद्दाम येते आणि त्यांच्या मागे उभी राहते. तुम्ही टेस्ट रूममध्ये पोरांच्या मागे जसे उभे राहायचात म्हणे, तशीच असेल. काल एका मुलाने मीटर न बघता आकडा लिहिला, तर तिने त्याची वहीच ओढून घेतली.

ती सहाची सोडून एकूण चौदा कॉइल मोजून झाल्या. तुमच्या तिन्ही त्यात होत्या. तुम्ही लपवू नकोस म्हणालात, म्हणून प्रत्येक दोनदा मोजून घेतली, आणि दुसऱ्या वेळी मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. चौदापैकी चार चुकीच्या निघाल्या, सगळ्या बाजारातून छापील लेबलासकट आणलेल्या. काका, त्यातली एकही तुमची नाही.

विनता